आतल्या खिडकीतली खुर्ची

१९ एप्रिल १९८३, मंगळवार

अब्बा आज सकाळी मोरीत पडले. पडलो नाही, बसलो, असं त्यांचं म्हणणं. उजवा हात जड झालाय आणि ओठाची एक बाजू खाली आलीय. सदाशिव पेठेतून श्रीधर डॉक्टर आले. त्यांच्या दवाखान्यातली सगळी कपाटं आमच्या कारखान्यातली, म्हणून ते बोलावल्यावर घरी येतात. एरवी त्यांच्याकडे माणसं रांगेत बसूनच बरी होतात. तपासून म्हणाले, लकव्याचा लहान झटका आहे, महिनाभर आडवं राहायचं.

"आडवं राहायला पुढे भरपूर वेळ आहे," अब्बा म्हणाले.

"तो लवकर यावा अशी इच्छा असेल तर बसा," डॉक्टर म्हणाले.

दोघंही हसले. मला हसू आलं नाही. माझे वडील मी तान्ही असताना गेले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून वडील म्हणजे हेच.

शाळेत मुलांना रोजनिशी लिहा म्हणून घसा कोरडा करते, स्वतः आज पहिल्यांदा लिहितेय. घरात बोलायला माणूस नाही असं नाही. पण नवऱ्याला, अमीनना, काही सांगितलं की ते "बघू" म्हणतात, आणि बघूच्या पुढे त्यांचं गाडं जात नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी मराठी शाळेत शिकले आणि मराठीच शिकवते, त्यामुळे मनातलं कागदावर येतं ते मराठीत. अब्बांचं बोलणंही तसंच लिहीन.

२१ एप्रिल

महिनाभर कसलं, दोन दिवसांत अब्बा खुर्चीत.

शनिवार पेठेतलं आमचं घर म्हणजे खाली कारखाना आणि वर आम्ही. वरच्या खोलीची एक खिडकी रस्त्याकडे नाही, आत कारखान्यात उघडते. तिला अब्बांनी तरुणपणी कोरलेली सागवानी जाळी आहे. नजर अधू झाल्यावर त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि या जाळीमागे खुर्ची टाकून बसायला लागले. खालून फक्त टोपी, खांदे आणि काठी दिसते. बोलत नाहीत. काठी फरशीवर एकदा वाजली की चालू द्या, दोनदा वाजली की थांबवा. दोनदा वाजली की ज्याच्या हातात जे असेल ते तो खाली ठेवतो आणि आपलं काय चुकलं ते शोधत बसतो. सापडतंच, असं आमचा कारागीर बजरंग म्हणतो. त्या काठीला दुसरं कुणी हात लावत नाही. अमीनसुद्धा नाही, आणि ते तर त्यांचा मुलगा.

सध्या खाली मिंबर होतंय. हडपसरच्या पुढे नवी मशीद उभी राहतेय, तिच्यात शुक्रवारी इमाम ज्या पायऱ्यांवर उभं राहून खुतबा, म्हणजे प्रवचन देतात, ते. रमजानच्या आधी बसवून देतो असा अब्बांनी तिथल्या हाजीसाहेबांना शब्द दिलाय. माझ्या गेलेल्या सासूबाई कमरजहां यांच्या नावाने हे काम. घरात आजवर एवढं मोठं काम झालं नाही.

२४ एप्रिल, रविवार

अब्बा रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवर चिमूटभर साखर ठेवतात, मुंग्यांसाठी. आज डाव्या हाताने ठेवली, निम्मी सांडली. मी पुसायला गेले तर म्हणाले, राहू दे, सुलेमान पैगंबरांना मुंग्यांची भाषा कळत होती, आपल्याला निदान त्यांची भूक कळावी.

मग त्यांनी सुलेमान पैगंबरांच्या मृत्यूची गोष्ट सांगितली. लहानपणी ऐकली होती, पण त्यांच्या तोंडून वेगळी वाटली. अल्लाहने जिन्नांना पैगंबरांच्या ताब्यात दिलं होतं, आणि त्या जिन्नांकडून मोठं बांधकाम चाललं होतं. ते काम करत, आणि पैगंबर काठीला टेकून उभे. उभ्या उभ्याच मृत्यू आला. जिन्नांना कळलंच नाही. समोर उभे दिसतात म्हणून ते राबत राहिले, दगड वाहत राहिले. एका किड्याने आतून काठी पोखरली, काठी मोडली, देह कोसळला, तेव्हा त्यांना समजलं.

"म्हणजे काम पुरं झालं," मी म्हणाले.

अब्बांनी चौकटीवरची साखर बोटाने सारखी केली. मग म्हणाले, "वर्षभर उभे होते म्हणतात. वर्षभर त्यांना कुणी निजवलं नाही, बेटी."

पैगंबरांचा विषय निघाला की ते असेच हळवे होतात. मी त्यांना चहा दिला.

३ मे

शाळेच्या सुट्टीचा पहिला दिवस आणि घरात हे. पहाटे दुसरा झटका. मोठा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे बोलतात, पण काय बोलतात ते कळत नाही.

श्रीधर डॉक्टर या वेळी हसले नाहीत. "त्यांना आडवं ठेवा. कुशीवर वळवत राहा. बसवू नका. आणि घरच्यांनी जवळ बसा," म्हणाले. किती दिवस, असं अमीननी विचारलं, तर म्हणाले, "ते मला कळत असतं तर मी दवाखान्याऐवजी ज्योतिष उघडलं असतं."

५ मे

दोन दिवस खिडकी रिकामी. खाली रंधा चालतो, थांबतो. हसण्याचे आवाज येतात. गेनबा विडी ओढायला जातो तो तासाने येतो. बजरंग आज चारलाच निघाला.

बजरंग हा मुख्य कारागीर. मांजरीहून रोज सायकलने येतो. त्याच्या घराजवळच हिंदुराव म्हणून एकाने लोखंडी कपाटांचा कारखाना काढलाय, तो बजरंगला कधीपासून बोलावतोय. अब्बांमुळे तो गेला नाही. अब्बा नाहीत म्हटल्यावर जाईल, आणि तो गेला की बाकीचे गेले. मिंबरच्या दोनच पायऱ्या झाल्यात. हाजीसाहेबांनी निरोप पाठवलाय, उस्तादांची तब्येत बरी नसेल तर आम्ही दुसरीकडे बघतो, त्यांना त्रास नको. किती गोड भाषा.

अमीन म्हणाले, बघू.

आयुष्यभर शब्दाला जागलेला माणूस, आणि शेवटचा शब्द त्यांचा मोडायचा? माझ्याच्याने ते होणार नाही. मला खूप राग येतोय आणि तो नक्की कुणाचा येतोय हे सांगता येत नाही.

६ मे, शुक्रवार

आज कारखान्याला सुट्टी. दुपारभर मी अब्बांजवळ बसून विचार केला, आणि मला ती गोष्ट आठवली. अब्बांनी ती मला उगाच सांगितली नसणार. वाचा जाणार हे त्यांना आतून कळलं असेल. सुलेमान पैगंबर काठीला टेकून उभे राहिले आणि काम झालं. अब्बांनी सांगितलं तेच मी करायचं आहे.

अमीनना सांगितलं. ते या वेळी बघू म्हणाले नाहीत. "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना," म्हणाले. मी विचारलं, तुमच्या आईच्या नावाचं मिंबर दुसऱ्याच्या कारखान्यात होऊ देता का? ते उठून गच्चीवर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात माळ्यावरच्या उशा होत्या.

७ मे

झालं. आम्ही दोघांनी अब्बांना उचलून खुर्चीत बसवलं. दोन्हीकडे उशा, छातीवरून माझी जुनी ओढणी घेऊन खुर्चीच्या पाठीला गाठ. वरून शाल, म्हणजे जाळीतून दिसू नये. टोपी घातली. काठी डाव्या हातात दिली. मी जाळीच्या खाली बुटक्या स्टुलावर बसले, तिथून मी कुणाला दिसत नाही.

नऊला माणसं आली. बजरंगने सवयीने वर पाहिलं, थबकला, कपाळाला हात लावला. "उस्ताद, बरं हाय न्हवं?"

मी अब्बांच्या हातावर हात ठेवला आणि काठी एकदा वाजवली.

खाली रंधा सुरू झाला. मला रडू आलं. आनंदाचंच.

११ मे

घडी बसत चाललीय. खाली कुणी हसत नाही, गेनबाच्या विडीला पाच मिनिटं पुरतात. तिसरी पायरी झाली. मी तांदूळ निवडते, एक डोळा जाळीवर. कुठे कुचराई दिसली की काठी वाजवते. परवा गेनबा फळीला टेकून पेंगत होता, मी जोरात वाजवली तर उडालाच. शाळेत पट्टी आपटल्यावर मुलं उडतात तसा. मला हसू आवरेना. अब्बांकडे पाहिलं, ते माझ्याकडेच पाहत होते.

हाजीसाहेब येऊन खालून पाहून गेले. "माशाअल्लाह, उस्ताद बसलेत," म्हणाले. वर येत होते, अमीननी जिन्यातच अडवलं, आता दवा घेतलीय म्हणून सांगितलं. अमीनना खोटं बोलता येतं हे मला नवीन होतं.

१३ मे, शुक्रवार

आज सुट्टी म्हणून अब्बांना आडवंच ठेवलं. दिवसभर गाढ झोपले. पाठीला खुर्चीची पट्टी रुतलीय, तिथे लाल झालंय. हळद आणि तेल लावलं. माझा हात लागला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. म्हाताऱ्या डोळ्यांना येतंच पाणी.

१६ मे

आज एक मोठी गोष्ट झाली. अब्बांनी स्वतः काठी वाजवली. डाव्या हाताने, हळूच. दोनदा.

खाली सगळे थांबले. बजरंगने चौथी पायरी उलटी करून पाहिली, सांधा तपासला, वर बघत म्हणाला, "ह्यात कुठं चुकलं, उस्ताद?" काही सापडेना. शेवटी त्याने सांधा सोडवून पुन्हा बसवला. अर्धा दिवस गेला. पण मला केवढं बरं वाटलं! एवढ्या दुखण्यात त्यांचं लक्ष कामावर आहे. अमीन दिवसभर वखारी आणि गिऱ्हाइकं हिंडतात, संध्याकाळी आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांना आनंद झाला नाही. म्हणाले, "सांध्यात खरंच चूक होती का?"

मी म्हटलं, अब्बांना दिसली असेल.

"दोन वर्षं त्यांना जिन्यावरून खालची माणसं ओळखू येत नाहीत, सलीमा."

१८ मे

पुन्हा दोनदा. बजरंगने पुन्हा काम थांबवलं, पुन्हा काही सापडलं नाही. गेनबा पुटपुटला. मला वाटलं, अशाने रमजान उजाडेल. मी अब्बांच्या कानाशी जाऊन समजावलं, काम चांगलं चाललंय, काळजी करू नका. त्यांनी माझ्याकडे बघत पुन्हा काठी वाजवली. दोनदा. माझ्या पायाजवळ, इतकी हळू की खाली ऐकू गेली नसेल.

हट्टी झालेत. दुखण्याने होतात माणसं.

१९ मे

श्रीधर डॉक्टर न सांगता आले. जिना चढून वर येईपर्यंत मला काही करता आलं नाही. शाल बाजूला करून त्यांनी ओढणीची गाठ पाहिली.

"सलीमाबाई, हे काय आहे? भिंतीवर लावायचा फोटो आहे का हा?"

मी सांगितलं. अब्बांचा शब्द, मिंबर, बजरंग, सगळं.

"आणि यांना विचारलंत?"

"त्यांना बोलता येत नाही."

"ते मला माहीत आहे. विचारलंत का, एवढंच विचारतोय." बॅग उचलून जाताना दारात थांबले. "बसवू नका म्हणून सांगितलं होतं. आता पुन्हा सांगत नाही. ऐकू न येणाऱ्यांवर इलाज करायला पलीकडच्या गल्लीत कानाचे डॉक्टर बसतात."

मला इतका संताप आला की पाठोपाठ जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं. त्यांना काय ठाऊक, शब्द म्हणजे काय असतो. सदाशिव पेठेतली माणसं, टोमणे मारायला पैसे पडत नाहीत.

२३ मे

आज अब्बांच्या हातातून काठी काढून घेतली.

दुसरा इलाज नव्हता. सकाळपासून तीनदा त्यांनी दोन-दोन टोले दिले आणि तीनदा काम थांबलं. बजरंग म्हणाला, "उस्ताद, आता तुम्हीच खाली या न् दाखवा." चेष्टेने नाही, अगदी थकून म्हणाला. अब्बांची बोटं घट्ट होती. एकेक सोडवावं लागलं. एवढा जोर कुठून आला त्यांच्यात? मग काठी त्यांच्या गुडघ्याला टेकवून ठेवली, खालून पाहिलं तर हातात आहे असंच वाटतं. वाजवायची तेव्हा मीच वाजवते.

काम झपाट्याने पुढे गेलं. आता फक्त कठडा आणि वरची बैठक.

अब्बा डोळे मिटून होते.

एक खरं लिहिते. एकदा काठी वाजवली की सहा माणसांचे हात एकदम चालू लागतात, तेव्हा मला छान वाटतं. चाळीस मुलांच्या वर्गात इतकं छान कधी वाटलं नाही.

२५ मे

रोज संध्याकाळी उठताना काठीला खालून हात लावून बघते, कुठे भुसा पडतोय का. वेडेपणा आहे. शिसवी काठी, तिला काय किडा लागणार?

आज कुराणातली ती आयत काढून भाषांतरात वाचली. वर्षाचा उल्लेख तिथे नाही, वर्ष सांगणाऱ्यांनी घातलंय. बांधकाम पुरं झालं असंही आयतीत म्हटलेलं नाही. मी दोनदा वाचलं. पैगंबरांवर मृत्यू आला, जमिनीवरचा किडा काठी खात होता, ते कोसळले, आणि जिन्नांना कळलं की आपल्याला गुप्त गोष्टी कळत असत्या तर या हालात राबत राहिलो नसतो. एवढंच. काम पुरं झालं, हे मी कुठून आणलं?

आणि पैगंबरांना उभं ठेवलं ते अल्लाहने. माणसांनी बांधून ठेवलं नव्हतं.

उद्या मौलानांना विचारावं का? नको. कशाला विचारतेस, हे ते आधी विचारतील. चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे.

२८ मे

शबेबरात. शेजारून हलवा आला. अमीन कबरस्तानात आईच्या कबरीवर जाऊन आले, तिथून आल्यापासून गच्चीवर आहेत. अब्बांना हलव्याचं बोट चाटवलं. त्यांनी तोंड फिरवलं. मग नजर माझ्या डोळ्यांवरून हळूहळू जमिनीकडे नेली, जिथे त्यांची गादी असते. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा गादीकडे. मी म्हटलं, हो अब्बा, मिंबर झालं की मी स्वतः गादी घालते, नवी चादर घालते, मग तुम्ही महिनाभर निजा.

त्यांनी पाहणं थांबवलं.

३१ मे, मंगळवार. दुपार

आज मन हलकं आहे म्हणून मधेच लिहायला बसले. खाली वरची बैठक बसवताहेत. संध्याकाळपर्यंत मिंबर उभं राहील, मग राहील ते पॉलिश.

अब्बांची समजूत पटली असं वाटतं. सकाळी खुर्चीत बसवून ओढणी बांधली तेव्हा त्यांनी एक लांब श्वास सोडला, खूप दिवसांनी ओझं उतरल्यासारखा. त्यानंतर दिवसभर एकदम शांत. हात हलवला नाही, तोंडातून आवाज नाही. दूध घेतलं नाही, पण आग्रह केला नाही, आजच्या दिवस असू दे. बाहेर एवढं ऊन आहे, मी घामाने भिजलेय आणि अब्बांचा हात गार. जाळीतून वारा येत असेल.

साखर ठेवायची कितीतरी दिवस राहूनच गेली. आज मुंग्याच शोधत आल्या. चौकटीवरून रांग निघालीय, खुर्चीच्या हातावरून त्यांच्या मनगटापर्यंत. त्यांना आवडतात म्हणून मी झटकल्या नाहीत. तेही झटकत नाहीत.

खालून बजरंग विचारतोय, बसवू का. काठी वाजवते.

५ जून, रविवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग ते वरचं पान शेवटचं राहील.

सहाला अमीन आले. वर येऊन त्यांनी नेहमीसारखी गाठ सोडली, अब्बांना उचलायला हात घातले, आणि तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "हे केव्हापासून असे आहेत?" मी म्हटलं, आज शांत आहेत. अमीननी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तसं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

अब्बांचे गुडघे सरळ होत नव्हते. गादीवर ठेवले तरी ते बसलेलेच राहिले. आंघोळ घालायला आलेल्या माणसांना गरम पाण्याने शेकत शेकत पाय सोडवावे लागले. त्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, बसल्या बसल्या गेले का? अमीन म्हणाले, हो. दारामागून मी ऐकलं. कानात कलमा नाही, तोंडात पाण्याचे दोन थेंब नाहीत. मी एक हात अंतरावर होते आणि काठी वाजवत होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गेलेल्या माणसाच्या नावाने मी माणसं राबवली.

अमीन मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मिंबर त्याच दिवशी उभं राहिलं. हाजीसाहेब जनाज्याला आले होते, म्हणाले, उस्तादांनी शेवटच्या श्वासापर्यंत शब्द पाळला. सगळ्यांनी माना हलवल्या.

७ जून

आज बजरंगची बायको सरुबाई मांजरीहून भेटायला आली. पदराखाली केळी आणली होती. माझ्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला, आणि मला जे कुणापाशी बोलता येत नव्हतं ते मी तिच्यापाशी बोलले. सगळ्यांना फसवलं म्हटलं, बजरंगभाऊंनासुद्धा. काठी मी वाजवत होते.

सरुबाई म्हणाली, "त्ये तर ह्यांना पहिल्याच दिशी कळलं हुतं, भाभी. घरी येऊन म्हणाले, उस्तादांची काठी अशी वाजत न्हाई, भाभी वाजवत्यात."

"मग बोलले का नाहीत?"

"कसं बोलायचं? ह्यांना वाटलं, उस्तादांना बरं वाटावं म्हणून तुम्ही बसवताय. काम चालल्यालं कानावर पडलं तर जीव रमंल त्येंचा. म्हणून तर सगळी गपगुमान काम करायची. हिंदुरावाचा माणूस दोनदा आला दारात, ह्यांनी हाकलला. म्हणाले, मिंबर होईस्तोवर कुठं जात न्हाई, उस्ताद निजल्यालं असूं देत न्हाई तर बसल्यालं."

ती आणखी काहीतरी सांगत होती. मला ऐकू येत नव्हतं.

निजल्यालं असूं देत.

म्हणजे खुर्चीची गरजच नव्हती. ओढणीची नव्हती, काठीची नव्हती. अब्बा महिनाभर त्या गादीवर निजले असते, मी त्यांच्या उशाशी बसले असते, खाली मिंबर झालं असतं. कोणी फसलंच नव्हतं. जिन्नांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकटीला, जी काठी धरून बसली होती.

त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. वर्षभर त्यांना कुणी निजवलं नाही, बेटी. ते सांगत होते, मी चहा दिला.

९ जून

उद्या मिंबर न्यायचं आहे. आज पॉलिशचा शेवटचा हात. आठ दिवसांनी कारखाना उघडला. नऊला माणसं आली, आपापल्या जागी उभी राहिली आणि सवयीने सगळ्यांनी वर पाहिलं. कुणी हात लावेना.

अमीन जाळीपाशी आले. खुर्ची अजून तिथेच आहे, काठी तिला टेकवलेली. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "वाजव," म्हणाले. "थांबलेत ते."

मी काठी उचलली. जाळीच्या खाली बसले नाही, उभी राहिले, सगळ्यांना दिसेन अशी. बजरंगची मान वर होती. अब्बा शेवटी ज्या हाताने वाजवायचे त्याच, डाव्या हाताने वाजवली. दोनदा.

गेनबाने हातातला पॉलिशचा बोळा खाली ठेवला. बजरंगने डोक्याची टोपी काढली. कुणी काय चुकलं ते शोधलं नाही. मग बजरंग वर आला, न विचारता खुर्ची उचलली आणि भिंतीशी आडवी ठेवली.

थांबायला एवढाच वेळ लागला.